वासण्णांचा मापाचा दोरा

घरात एकटं सोडू नये अशी माणसं दोन प्रकारची. एक चोर आणि दुसरे आमचे वासण्णा. चोर वस्तू घेऊन जातो, वासण्णा माप घेऊन जायचे. तुम्ही कॉफी करायला आत वळलात की हे उठायचे, खिशातून पांढरा दोरा काढायचे आणि तुमच्या बिनझाकणाच्या डब्याच्या नाहीतर मूठ तुटलेल्या कपाटाच्या मागे लागायचे. तुम्ही ट्रे घेऊन बाहेर येईपर्यंत दोऱ्याला गाठ पडलेली असायची आणि स्वारी पुन्हा खुर्चीत, हाताची घडी घालून पंख्याकडे बघत बसलेली.

मी बेंगळुरात, जे. पी. नगरला, त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. ऑफिस हेब्बाळला, म्हणजे शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला. त्यांची बायको, सरोजक्का, मला विचारायची, "तुझा पगार कामाचा गं, की प्रवासाचा?" वासण्णांचं खरं नाव श्रीनिवासराव. घराणं इथं कधी आलं ते त्यांना सांगता यायचं नाही, इतकं जुनं. मी साताऱ्याहून नवी नवी आलेले, कौतुकाने म्हणाले, "तुम्हाला मराठी किती छान येते." त्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आम्ही शिकलो नाही अम्मा. विसरलो नाही, एवढंच." पुढे मी मराठीचं कौतुक करणं सोडून दिलं.

नोकरीत त्यांचं काम होतं विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करायचं. आग लागलेलं दुकान, पाणी शिरलेलं गोदाम, पडलेली भिंत, सगळीकडे जाऊन काय मोडलं, काय गेलं ते बघायचं आणि अहवाल द्यायचा. निवृत्त झाल्यावर नोकरी गेली, नजर राहिली. तुमच्या घरात ते आले की तुमच्याकडे बघायचेच नाहीत. फळ्यांकडे बघायचे.

माझ्यावर ती नजर पडली ती पोळ्यांच्या डब्यामुळे. साताऱ्याहून सामान येताना डब्याचं झाकण कुठेतरी गेलं आणि मी त्यावर ताटली ठेवून भागवत होते. वासण्णा गीझर गळतो का ते बघायला वर आले, गीझर बघितला, खाली गेले. महिन्याभराने एका साध्या मंगळवारी, ना सण ना वार, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात देऊन जिना उतरायला लागले. उघडून बघते तर स्टीलचं झाकण. डब्यावर ठेवलं तर बसेना. मी हिरमुसले. तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, "फिरव. तुझ्या डब्याला एका बाजूला पोचा आहे. तो धरून केलंय." फिरवलं, तर असं बसलं की जणू दोघं एकाच दिवशी जन्माला आली होती.

मी धावत खाली गेले. म्हटलं, "वासण्णा, माझा वाढदिवस मार्चमध्ये असतो."

"वाढदिवसाला सगळेच देतात," ते म्हणाले. "झाकण तुला आज नव्हतं."

भेटवस्तूंबद्दल त्यांची काही पक्की मतं होती आणि ती ऐकायला मला फार मजा यायची. अख्खी वस्तू कुणाला द्यायची नाही, हे पहिलं. "अख्खी वस्तू दिली की माणसाला तिच्यासाठी घरात जागा करावी लागते. जोड दिली तर जागा आधीच असते." म्हणून ते द्यायचे ते झाकण, मूठ, चहादाणीची चिमटीएवढी टोपी, सहातून फुटलेला सहावा पेला. दुसरं मत त्याहून कडक. समोरच्याला कधी विचारायचं नाही. "विचारून आणली ती खरेदी. न विचारता ओळखली ती भेट." तिसरं, वस्तू देईपर्यंत कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, बायकोलाही नाही. माप घेतलेले दोरे स्वयंपाकघराच्या दारामागे एका खिळ्याला लोंबत असायचे. नाव नाही, खूण नाही, पण कुठला दोरा कुणाच्या घरचा ते त्यांना बरोबर ठाऊक. सरोजक्का त्या झुबक्याला "ह्यांचा दुसरा संसार" म्हणायची आणि केर काढताना त्याला मुद्दाम धक्का मारायची.

या छंदापायी एकदा चांगलीच फजिती झाली. शेजारच्या घरात नवी सून आलेली. ती पाणी आणायला गेली आणि परत येऊन बघते तर पाहुणे नाहीत, जेवणाच्या टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले. तिने वॉचमनला हाक मारली. टेबलाखालून शांत आवाज आला, "स्वल्प थांब अम्मा, गाठ मारतो." त्या टेबलाचा एक पाय डुगडुगत होता आणि सासरी तसं बोलून दाखवायची नव्या सुनेची छाती होत नव्हती. पुढे पायाखाली लाकडी चकती बसली तेव्हापासून ती पोरगी वासण्णांना बघितलं की डोसाच आणून ठेवायची.

शनिवारी मला सुट्टी असायची. कुतूहल म्हणून एकदा मी त्यांच्याबरोबर गेले आणि मग जातच राहिले. मेट्रोने कधी यशवंतपूरला, कधी चिकपेटेला. यशवंतपूरला रंगप्पाचा एका शटरएवढा कारखाना. पत्रा गरगर फिरवून, त्यावर दांडा दाबून तो झाकणं घडवायचा. हॉटेलांची मोठी कामं असायची त्याच्याकडे, त्यामुळे वासण्णा दिसले की तो कपाळाला हात लावायचा.

"ओंदे?" तो विचारायचा. एकच?

"ओंदे. निधानवागि माडि," वासण्णा म्हणायचे. एकच, पण सावकाश कर.

मग बाय-टू कॉफी यायची. एका कॉफीचे दोन पेले. अर्ध्या कॉफीवर रंगप्पाच्या मुलीची परीक्षा, पत्र्याचा दर्जा, शेजारच्या शटरात आलेला नवा भाडेकरू, सगळं बोलून व्हायचं आणि शेवटी दोरा खिशातून बाहेर. हा माणूस दुकानात घुसल्या घुसल्या मागणी करायचा नाही. मी एकदा मध्येच शहाणपणा केला, "वासण्णा, फोनवर मागवलं तर आख्खा सेट उद्या सकाळी घरी येतो."

"येतो की," ते म्हणाले. "पण त्या फोनला तुझा पोचा ठाऊक नाही, रंगप्पाला ठाऊक आहे."

असं का करतात, हा प्रश्न मला पहिल्यापासून होता. परत येताना मेट्रोत एकदा विचारलंच. ते बाहेरच्या गच्च्या बघत होते. "आयुष्यभर लोकांच्या मोडलेल्या घरांत गेलो," म्हणाले. "काय काय गेलं ते सगळं बघितलं. कुणाला काही म्हणून देऊन आलो नाही." एवढंच. मला त्या क्षणी ते फार आवडले, आणि ते तसं आजही लिहायला मला संकोच वाटत नाही.

त्यांचा सगळ्यात जुना मित्र नागेशराव. मी बेंगळुरात यायच्या कितीतरी आधी ते वारले होते. त्यांची पत्नी गिरिजाक्का बसवनगुडीच्या घरात एकटी राहायची. नागेशराव होते तेव्हा वासण्णा दर आठवड्याला तिथे जात. गेल्यावरही जाणं सुटलं नाही. नागेशरावांच्या गप्पा, नागेशरावांचं हसणं, हे सांगताना वासण्णांचा चेहरा उजळायचा, आणि शेवटी एक वाक्य ठरलेलं. "गिरिजाक्काच्या घरी एका कॉफीवर सुटका नाही. पेला खाली ठेवला की दुसरी हजर. असं घर बघायला मिळत नाही अम्मा." मीही तिथे दोन कॉफ्या प्यायले होते. बाई बोलायला तिखट, हाताने सढळ.

त्या घरी नवरात्रात गोंबे मांडतात, बाहुल्यांच्या पायऱ्या. सगळ्यात वरच्या पायरीवर मान असतो पट्टद गोंबेचा. म्हणजे लाकडी राजा-राणीची जोडी. लग्नात मुलीला माहेरहून देतात आणि दरवर्षी नवे कपडे घालून वर बसवतात. गिरिजाक्काच्या पायरीवर राणी एकटीच उभी असायची, डाव्या बाजूला, आणि उजवी बाजू रिकामी. राजाचं काय झालं असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "वाळवी लागली." विषय संपायचा.

आता जोड नसलेली वस्तू, आणि तीही जिवलग मित्राच्या घरात. वासण्णांना चैन पडेना. एका दसऱ्याला गिरिजाक्का दुसरी कॉफी आणायला आत गेली तेवढ्यात त्यांनी स्टुलावर चढून राणीच्या उंचीचा दोरा घेतला. मी खाली स्टूल धरून उभी होते.

तो दोरा वर्षभर खिळ्याला राहिला. चिकपेटेच्या मागच्या बोळात बशीरभाईंचं कातकामाचं, लाकूड यंत्रावर फिरवून घडवायचं दुकान होतं. लाकडी खेळण्यांच्या चन्नपट्टणचा माणूस, लाकडाच्या भुशात कायम पिवळा झालेला. त्यांनी दोनदा राजा केला आणि दोन्ही वेळा वासण्णांनी तो नापसंत केला. पहिला फार तरुण दिसत होता, दुसरा फार ऐटबाज. "नागेशसारखा पाहिजे," वासण्णा म्हणायचे. "समाधानी." तिसऱ्या खेपेला समाधानी राजा झाला. सरोजक्काकडून जरीचा तुकडा मागून घेतला, कशाला ते सांगितलं नाही. मला म्हणाले, "अम्मा, आजवर जे दिलं ते सगळं एका बाजूला आणि हे एका बाजूला. नागेशला परत त्याच्या जागी बसवतोय."

घट बसायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही गेलो. पायऱ्या लावून झाल्या होत्या, बाहुल्या अजून पेटीत. वासण्णांनी पुडकं उघडलं आणि राजा टीपॉयवर उभा केला. हात मागे बांधून वाट बघत राहिले. झाकण देताना ते जिना उतरायला लागायचे. या वेळी थांबले.

गिरिजाक्काने राजाकडे बघितलं. मग वासण्णांकडे.

"हा कशाला आणलात?"

"राणी एकटी उभी राहते," वासण्णा म्हणाले. "वाळवीने नेला, म्हणून केला. मापात आहे, बघा."

"वाळवीने नाही नेला." ती अगदी साध्या आवाजात बोलत होती. "हे गेले त्या वर्षी पेटी उघडली, राजा काढला आणि मागच्या अंगणात बंबात घातला. त्या दिवशी पाणी छान तापलं होतं."

वासण्णा हसले. त्यांना ती थट्टा वाटली. मग तिचा चेहरा बघून त्यांचं हसू तिथेच राहिलं.

"वासण्णा, तुम्ही यायचात तेव्हा हे बोलायचे," ती म्हणाली. "हसायचे, गोष्टी सांगायचे. तुम्ही गेलात की कडी लागायची आणि ह्यांचं तोंड मिटायचं. मग पुढल्या आठवड्यात तुम्ही येईपर्यंत या घरात माझ्याशी एक शब्द नाही. काही चुकलं म्हणून नाही. बोलावंसं वाटायचं नाही म्हणून. मीठ हवं तर वाटी पुढे सरकवायचे. लग्न झाल्यापासून शेवटपर्यंत."

"नागेश?"

"दुसरी कॉफी आणायची ना मी. तुम्ही सगळीकडे सांगत फिरता. ती मी तुमच्यासाठी नव्हते करत. तुम्ही अजून थोडा वेळ बसावं म्हणून करायची. तुम्ही बसलात तर माणसाचा आवाज कानावर पडायचा."

वासण्णांचा हात खिशात गेला, दोऱ्याला लागला असावा, आणि तसाच बाहेर आला.

"घेऊन जा ह्याला," ती म्हणाली. "आणि मी बोलावीन तेव्हा या. तोवर नको." त्या दिवशी त्या घरात आम्हाला एकही कॉफी मिळाली नाही.

घरी आल्यावर त्यांनी राजा फ्रीजवर ठेवला. सरोजक्काने जरीचा तुकडा ओळखला आणि ती खालीच बसली. "अहो, हे काय केलंत?"

"तुला ठाऊक होतं?"

"आम्हा सगळ्या बायकांना ठाऊक होतं."

"मग मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

न विचारणं हेच तर त्यांचं भूषण होतं. सगळ्या गावाच्या घरांतली तुटकी मूठ ज्याला दिसली, त्याला ज्या घरात तो अर्धं आयुष्य बसला तिथलं हे दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी दारामागचा खिळा रिकामा होता. शनिवारी मी खाली गेले तर म्हणाले, "आज नको." पुढच्या शनिवारीही नको. दसरा गेला, दिवाळी गेली, बसवनगुडीहून बोलावणं आलं नाही. त्यांचा मित्र खरा गेला तो आता, कारण आता त्याची आठवणही काढता येत नव्हती. आणि त्यात गिरिजाक्काचं दारही गेलं असेल, ही भीती त्यांना खात होती. रंगप्पाने मला फोन करून विचारलं, "सर बरे आहेत ना? एकच झाकण सांगायला कुणी येत नाही."

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी ते माझ्या दारात उभे. "अम्मा, एक सांग. माणसाला काय हवंय ते विचारायचं कसं?"

मी म्हटलं, "तोंडाने, वासण्णा."

त्यांनी त्यावर खरंच विचार केला. मग म्हणाले, "बोलावलं नाही तरी जाऊ?"

"दारातून विचारा. आत नाही घेतलं तर परत या."

मी मेट्रो स्टेशनपर्यंत बरोबर होते, पुढचं त्यांनी सांगितलं ते ऐकलेलं. दारातूनच विचारलं त्यांनी. "गिरिजाक्का, तुम्हाला काय हवंय?" ती दाराला हात लावून उभी राहिली. म्हणाली, "थांबा, मला विचार करू दे. सवय नाही." आणि दार लावून घेतलं. आठवडाभराने सरोजक्काच्या फोनवर तिचा फोन आला. "लाटणं हवंय. माझं फार जड आहे, पुरणाची होळिगे लाटताना मनगट दुखतं. हलकं हवं. आणि वासण्णांना विचार, त्या राजाचं लाटणं होईल का?"

बशीरभाई आधी ऐकूनच घेईनात. स्वतःच्या हाताने तीनदा घडवलेला राजा. वासण्णांनी बाय-टू मागवली आणि सगळी हकीकत सांगितली, काही लपवलं नाही. बशीरभाईंनी पेला संपवला, राजाचा जरीचा अंगरखा नीट काढून वासण्णांच्या हातात दिला आणि राजा यंत्रावर चढवला. आधी हात गेले, मग मुकुट, मग तो समाधानी चेहरा. भुशात वाकून बशीरभाई, वासण्णा आणि मी, तिघंही बघत होतो. शेवटी हातात आलं ते गुळगुळीत, पांढरं, टोकांना निमुळतं लाटणं. वासण्णांनी ते तळहातावर तोललं आणि म्हणाले, "सरी, बरोबर. हलकं आहे."

पुढच्या वर्षी माझी बदली पुण्याला झाली. सामान बांधून झाल्यावर निरोप घ्यायला मी बसवनगुडीला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. नवरात्र सुरू होतं; बैठकीत पायऱ्या मांडलेल्या आणि वरच्या पायरीवर राणी आता अगदी मधोमध उभी होती. बैठकीतली वासण्णांची नेहमीची खुर्ची रिकामी होती. आवाज आतून येत होता.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले. इतक्या वर्षांत वासण्णा त्या घरात बैठकीच्या पुढे गेले नव्हते. आज ओट्याशेजारी बुटक्या स्टुलावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. गिरिजाक्का होळिगे लाटत होती आणि बोलत होती. कॉलेजात असताना तिला गाणं शिकायचं होतं ते, वडिलांनी काय सांगितलं ते, मैसूरला एकदा एकटीच गेली होती ते. हात थांबत नव्हता आणि तोंडही. वासण्णा मध्ये मध्ये "मग?" म्हणत होते. त्यांच्या अगदी डोळ्यांसमोर, फळीवर, ताटलीने झाकलेला एक बिनझाकणाचा डबा होता. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

तिचं बोलणं संपत आलं तसा त्यांनी रिकामा पेला उचलून पुढे धरला.

"गिरिजाक्का," ते म्हणाले, "अजून स्वल्प कॉफी आहे का?"